आत्मरक्षणाचे शस्त्र : बोअर कोणता निवडावा?



संतवाङ्मय आणि अर्थकारण ऐकावयास जमणाऱ्या या मांडवात पिस्तुलाच्या गोळीची चर्चा कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. दोष माझा नाही. इतवारीतील सराफीचा व्यवसाय करणारे माझे एक स्नेही आहेत. रात्री दुकान बंद करून रोख रक्कम घेऊन त्यांना घरी जावे लागते. एके दिवशी त्यांनी मला विचारले, “मास्तर, तुम्ही पुष्कळ वाचता. सांगा पाहू, बत्तीसचे घ्यावे की पंचेचाळीसचे?” त्यांना द्यावयाचे उत्तर शोधता शोधता त्याचे हे व्याख्यान झाले.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. बोअर म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीचा व्यास. बत्तीस म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, सुमारे आठ मिलिमीटर. पंचेचाळीस म्हणजे साडेअकराच्या आसपास. पण नुसत्या रुंदीवरून गोळीचा जोर कळत नाही. तो वजन आणि वेग यांवर अवलंबून असतो. बत्तीसच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुमारे सहा ग्रॅमची आणि संथ. नऊ मिलिमीटरच्या लष्करी काडतुसाची आठ ग्रॅमची, पण पुष्कळच वेगवान. म्हणून रुंदीत फारसा फरक नसताही तिचा जोर बत्तीसच्या सुमारे तिप्पट भरतो. पंचेचाळीसची गोळी संथ खरी, पण वजनाने जवळजवळ पंधरा ग्रॅम.

मोठी गोळी बरी की लहान, हा वाद जुना आहे. फिलिपाइन्समधील लढायांत अडतीसच्या रिव्हॉल्व्हरने चालून येणारा मनुष्य थांबत नाही, अशी अमेरिकन सैनिकांची तक्रार होती. १९०४ साली थॉम्प्सन आणि लागार्ड या अधिकाऱ्यांनी जनावरांवर व मृतदेहांवर प्रयोग करून पंचेचाळीसचा कौल दिला, आणि १९११ साली त्या सैन्याने पंचेचाळीसचे पिस्तूल स्वीकारले. पुढे १९८६ साली मायामी येथील चकमकीत अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपाससंस्थेचे दोन अधिकारी ठार झाले. नऊ मिलिमीटरच्या गोळीला दोष देऊन संस्था मोठ्या काडतुसाकडे वळली. आणि सुमारे तीस वर्षांनी पुन्हा नऊ मिलिमीटरवरच आली. कारण असे आढळले की, गोळी पुरेशी खोल जावी आणि नेमक्या जागी लागावी, हेच महत्त्वाचे. आणि ज्या शस्त्राचा धक्का हाताला सोसतो, त्यानेच नेम साधतो.

मग लहान गोळी निरुपद्रवी समजावी काय? ‘नऊ मिलिमीटर शॉर्ट’ नावाचे एक काडतूस आहे. जाणते लोक त्याला दुबळे म्हणतात. १९१४ साली सारायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर त्याच काडतुसाच्या गोळ्या झाडल्या गेल्या, आणि जग महायुद्धात लोटले गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत ज्या तीन गोळ्या सुटल्या, त्याही याच काडतुसाच्या. ज्यांची कुटी आपण शेजारच्या सेवाग्रामला जाऊन पाहतो, त्या महात्म्याचा देह त्यांनी पडला. मित्रहो, दुबळी गोळी अशी वस्तूच जगात नाही.

आता आपल्या देशाकडे येऊ. येथे ही निवड बव्हंशी कायद्यानेच करून ठेवली आहे. १८७८ साली परकीय सरकारने या देशाला निःशस्त्र करणारा कायदा केला. स्वतंत्र भारताने १९५९ साली त्याच्या जागी नवा शस्त्र अधिनियम आणला. त्याखालील नियमांप्रमाणे लष्कराची नऊ मिलिमीटर आणि पंचेचाळीसची काडतुसे, तसेच जुनी .३८० व .४५५ ही काडतुसे ज्या पिस्तुलांत वा रिव्हॉल्व्हरांत चालतात, ती प्रतिबंधित बोअरची ठरतात. केंद्र सरकारच्या खास अनुमतीवाचून ती नागरिकाला बाळगता येत नाहीत. हेतू असा की, सरकारी कोठारातील काडतूस खाजगी हाती गेले तरी त्याला लागू पडणारे शस्त्र तेथे नसावे. म्हणून सामान्य परवानाधारकाला मुख्यतः बत्तीसच उरते. कानपूरचा सरकारी कारखाना सहा गोळ्यांचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर बनवू लागला, आणि २०१४ साली त्या शहरातून ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर निघाले. काडतुसे आपल्या खडकीची. तो कारखाना १८६९ पासूनचा.

त्याच अधिनियमाच्या तेराव्या कलमात एक मार्मिक गोष्ट आहे. संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या गुळगुळीत नळीची बंदूक मागणाऱ्याला, अन्य अडचण नसल्यास, परवाना द्यावा. पण पिस्तूल-रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण दाखविले पाहिजे. लांब बंदूक लपत नाही, पिस्तूल खिशात मावते. कायद्याने हा भेद बरोबर ओळखला आहे.

बत्तीसमध्येही रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, हा प्रश्न राहतो. काडतूस फुसके निघाले तर रिव्हॉल्व्हरचा घोडा पुन्हा दाबला की पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात ते हाताने काढावे लागते, आणि घाबरलेल्या हाताला ते जमत नाही. क्वचित हाताळणाऱ्याने रिव्हॉल्व्हर पसंत करावे, हे मला पटते.

परंतु याहून मोठी गोष्ट मला धंतोलीतील एका वृद्ध गृहस्थांनी शिकविली. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर होते. एका रात्री मागच्या दाराची कडी वाजली. ते अंधारात शस्त्र रोखून उभे राहिले. बोट घोड्यावर होते. इतक्यात आवाज आला, “बाबा, मी आहे.” गाडी वेळेआधी आल्याने मुलगा न कळविता पोचला होता. मला हे सांगताना त्यांचा हात कापत होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते शस्त्र परत करण्याचा अर्ज दिला. त्या रात्री बोअर बत्तीस होता की पंचेचाळीस, याने काय फरक पडला असता?

आत्मरक्षणाचा हक्क कायद्याने आपल्याला दिला आहे. पूर्वी तो दंडसंहितेच्या ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. सूर्यास्तानंतर घर फोडणाऱ्याविरुद्ध तो प्राण घेण्यापर्यंतही जाऊ शकतो. पण आवश्यकतेहून अधिक इजा करावयाची नाही, आणि धोका टळताच हक्कही संपतो. पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी हे रक्षण नव्हे.

सराफ स्नेह्यांना मी शेवटी एवढेच सांगितले : आधी रोख नेण्याची वेळ आणि वाट रोज बदला, सोबत माणूस ठेवा, दाराला मजबूत कुलूप आणि अंगणात दिवा लावा, ११२ हा क्रमांक घरातील प्रत्येकाला पाठ असू द्या. त्यानंतरही गरज उरली, तर पोलीस आयुक्तांकडे अर्ज करा, २०१६ च्या नियमांत सांगितलेले शिक्षण मनापासून घ्या, आणि बत्तीसचे रिव्हॉल्व्हर कुलपात ठेवा. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि अंधारात कोण आहे हे कळल्याखेरीज बोट घोड्यावर नेऊ नका.

ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मास्तर, आधी कुलूपच पाहतो.” बोअरच्या प्रश्नाचे याहून चांगले उत्तर मला सुचलेले नाही.