पोच

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या महिन्यात चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "यंदा वर्धापनदिनाला तुम्ही बोलायचे." मी म्हटले, "अहो, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "ज्या रेडिओविषयी आम्हाला हळदीकुंकवात सांगत बसता, त्याच्याविषयीच बोला." म्हणून आज मी रेडिओवरच्या एका कार्यक्रमाविषयी बोलणार आहे. तो आपल्या देशातला नव्हता, आपल्या भाषेतला नव्हता आणि तो बंद होऊनही बरीच वर्षे झाली. तरी त्याच्याविषयी बोलायला एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा मामंजींचा एक रेडिओ स्वयंपाकघराबाहेरच्या फळीवर असे. रात्री ते त्यावर लंडनहून येणाऱ्या हिंदी बातम्या ऐकत. बातम्या झाल्या की ते झोपायला जात आणि रेडिओ बंद करण्याचे काम माझ्याकडे येई. एका रात्री बंद करता करता हाताने काटा सरकला. खरखर झाली आणि एका पुरुषाचा आवाज आला. तो इंग्रजीत बोलत होता. पण बातम्या सांगतात तसे नव्हे, आपल्या ओट्यावर येऊन बसलेल्या माणसाने सहज बोलावे तसे. मग त्याने एक गाणे लावले. आवाज उंच, टिपेचा. मला वाटले, कोणी गोंधळीच संबळावर उभा राहिला आहे! शब्द एकही कळत नव्हता. पण माझ्या पुढ्यातले ताटातले तांदूळ तसेच राहिले आणि मी भिंतीला टेकून ऐकत बसले.

पुढे तो कार्यक्रम आठवड्यातून कधी लागतो ते मी हेरून ठेवले. तो जेमतेम अर्धा तास चाले. कधी स्वच्छ लागे, कधी खरखरीत बुडून जाई. गाणाऱ्यांची नावे मी दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांवर, कानाला जशी लागतील तशी लिहून ठेवी. आता माझी मुलगी कॉलेजात जाते. तिने ती पाने वाचून खूप हसून घेतले आणि मग एकेका नावाचा पत्ता लावला. आज जी माहिती मी सांगते आहे, ती तिने वाचून मला मराठीत समजावून दिलेली आहे.

त्या माणसाचे नाव चार्ली गिलेट. जन्म 1942 चा, इंग्लंडातला. तो मुळात शिक्षक. स्वतः गाणारा वाजवणारा नव्हे, ऐकणारा. अमेरिकेतले गाणे शहरांच्या गल्ल्यांतून कसे वाढले, यावर त्याने 1970 साली एक पुस्तक लिहिले. 1972 पासून लंडनच्या रेडिओवर त्याचा रविवारचा कार्यक्रम सुरू झाला. ज्यांची तबकडी अजून निघाली नाही, अशा मुलांची घरी केलेली टेपही तो लावी. 1977 साली डायर स्ट्रेट्स नावाच्या कोणाला ठाऊक नसलेल्या मंडळींची अशीच एक टेप त्याने लावली. थोड्याच महिन्यांत त्यांना मोठ्या कंपनीचा करार मिळाला आणि पुढे ती मंडळी जगभर गाजली.

आता मुख्य गोष्ट ऐका. 1980 पासून तो लंडनच्या कॅपिटल रेडिओवर बोलू लागला. 1983 साली केंद्राने त्याला काढून टाकले. झाले ते झाले, असे म्हणून लोक गप्प बसले असते तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ऐकणारे गप्प बसले नाहीत. त्यांनी एवढी ओरड केली की केंद्राला त्याला परत बोलवावे लागले. परत आला तो नवे काम घेऊन आला. आता केवळ इंग्लंड-अमेरिकेतली गाणी लावायची नाहीत, साऱ्या जगातली लावायची, असे ठरले. म्हणजे भगिनींनो, मी माझ्या स्वयंपाकघरात जे ऐकले, त्याची वाट लंडनच्या त्या श्रोत्यांनी मोकळी करून दिलेली होती. त्यांतल्या एकाचेही नाव मला ठाऊक नाही.

त्या वेळी अशा गाण्यांना दुकानात जागासुद्धा नव्हती. आफ्रिकेतली तबकडी कोणत्या फळीवर ठेवायची, हे दुकानदाराला कळत नसे. फळी नाही म्हणून माल दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणून खपत नाही. तेव्हा 1987 च्या उन्हाळ्यात अशा तबकड्या काढणारी काही मंडळी लंडनमध्ये एका ठिकाणी बसली आणि या सगळ्याला 'वर्ल्ड म्युझिक', म्हणजे जगाचे संगीत, असे एक नाव द्यायचे त्यांनी ठरवले. गिलेटही त्यांत होता. आपण नाही का मसाल्याच्या डब्याला चिठ्ठी लावत? तसेच ते. चिठ्ठीने चव बदलत नाही, पण डबा हाताला लागतो.

1999 पासून बी.बी.सी.च्या जागतिक सेवेवर त्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तोच आमच्या फळीवर येऊन पोचला. त्याची एक खुबी मला फार आवडते. दुसऱ्या एका कार्यक्रमात तो पाहुणा बोलवी आणि दोघे आळीपाळीने एकेक गाणे लावत. पाहुण्याने एक लावले की त्यावर याचे एक, मग पुन्हा पाहुण्याचे. आपण मंगळागौरीला उखाण्याला उखाणा देतो, फुगडीच्या गाण्याला गाणे देतो, तसाच हा खेळ.

आता माझ्या वहीतली दोनतीन नावे सांगते.

एक सालीफ केता. पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाचा. ज्याने जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी तिथे मोठे राज्य उभारले, त्या राजाच्या कुळातला. तिकडे राजांची कीर्ती गाणारे लोक पिढीजात वेगळे. आपल्याकडचे भाट जसे, तसे. राजकुळातल्याने गायचे नाही, अशी रीत. त्यातून याची कातडी जन्मतः पांढरी, म्हणून त्याला अपशकुनी मानीत. असा मुलगा घर सोडून गायला लागला. त्याचा तो टिपेचा आवाज ऐकला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. त्या पहिल्या रात्री मला जो गोंधळी वाटला, तो हाच असावा, असे मला आणि मुलीला वाटते.

दुसरा त्याच देशातला अली फार्का तुरे. नायजर नदीच्या काठी नियाफुंके नावाचे गाव आहे, तिथे याची शेती. जगात नाव झाल्यावरही तो स्वतःला आधी शेतकरी म्हणवी. पुढे गावाने त्याला नगराध्यक्षही केले. त्याची गिटार ऐकताना मोटेच्या चाकाचा आवाज आठवतो. 2006 साली तो गेला.

तिसरी सेझारिया एव्होरा. आफ्रिकेच्या पश्चिमेला भर समुद्रात केप व्हर्दे नावाची बेटे आहेत, तिथली ही बाई. बंदरावरच्या गुत्त्यांतून गायली, मध्ये दहाएक वर्षे गाणेच सोडून दिले, आणि पन्नाशीच्या सुमारास जगभर नाव झाले. मंचावर अनवाणी उभी राहून गाई. त्या बेटांवरचे लोक पोटासाठी जहाजांवरून परदेशी जातात. त्यामुळे तिथल्या गाण्यांत मागे राहिलेल्यांची आठवण फार. हे मला मुलीने पुष्कळ उशिरा सांगितले. पण ऐकताना मला दर वेळी माहेर आठवे, आणि का आठवते ते कळत नसे. ती 2011 साली गेली.

भगिनींनो, श्रोत्यांच्या जोराची गोष्ट आपल्याकडेही घडली आहे. सासूबाई त्यांच्या वडिलांकडून ऐकलेले सांगत. 1952 साली केसकर मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी नाहीशी झाली. लोकांनी भांडण केले नाही, मुकाट्याने काटा सिलोनवर फिरवला. बिनाका गीतमालेला पत्रांचे ढीग जाऊ लागले. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. कोणी काटा फिरवून सांगितले, कोणी पत्र लिहून सांगितले, पण सांगितले.

आणि मी काय केले? हे सांगायलाच मी उभी राहिले आहे.

मी काहीच केले नाही. वर्षानुवर्षे त्याचे ऐकत गेले. एकदा पोस्टातून परदेशी पाठवायचे हवाई पत्र आणले होते. ते देवघरातल्या फळीवर पंचांगाखाली किती दिवस पडून होते. मला इंग्रजी लिहिता येत नाही. दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्यायची लाज वाटे. लोक म्हणतील, हिला ही कसली खुळे! आणि मनात म्हणे, एवढ्या मोठ्या लंडनातल्या माणसाला सातवी शिकलेल्या बाईच्या पत्राचे काय होय? ते पत्र शेवटी पिवळे पडले. दिवाळीच्या साफसफाईत मी ते कागदांच्या रद्दीत टाकले.

2006 साली त्याला आजाराने गाठले आणि लंडनचा शनिवारचा कार्यक्रम सोडावा लागला. तरी जमेल तसे तो बोलतच राहिला. 17 मार्च 2010 ला तो गेला. वय अडुसष्ट. मला ते तेव्हा कळलेही नाही. काटा फिरवत राहिले, तो सापडला नाही, तेव्हा वाटले की लहर बदलली असेल. मुलीने माहिती काढली तेव्हा तारीख कळली. एवढ्या वर्षांनी रडायचे तरी कसे? मी उठले आणि कणीक मळायला घेतली.

पण तेव्हापासून एक विचार मनातून जात नाही. ज्या माणसाने भाषा न कळणारी गाणी जन्मभर प्रेमाने ऐकली आणि ऐकवली, त्याला माझे मराठी पत्र कळले नसते, असे मी कशावरून ठरवले? त्याने माझ्याकडून व्याकरण मागितलेच नव्हते. "पोचले" एवढी पोच पुष्कळ झाली असती.

आपल्या बायकांचे नेहमी असेच होते. नावडले तर चटकन बोलतो. भाजीत मीठ जास्त झाले तर चार घरांत कळते. आवडले तर मनात ठेवतो. समोरच्याला कसे कळावे? रेडिओवर बोलणारा तर आपले तोंडही पाहू शकत नाही. तो भिंतीशी बोलल्यासारखा बोलत असतो, आणि भिंतीपलीकडे कोणी आहे की नाही हे त्याला पत्रानेच कळते.

म्हणून आज या सभेत मी एक पोच देते. आपल्या मंडळातल्या सर्वांत वडील आजी पुढच्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडायचे नाही. दर वर्षी कार्यक्रम संपून सतरंज्या उचलताना त्या आपल्याशीच जात्यावरच्या ओव्या गुणगुणतात. आपण सगळ्या ऐकतो आणि सतरंजीची घडी घालून घरी जातो. आजी, गेली दहा वर्षे मी मुद्दाम सतरंज्या उचलायला थांबते, ती तुमच्या ओव्यांसाठी. हे मी तुम्हाला आजवर सांगितले नव्हते. आज सतरंज्या उचलण्याआधी तुम्ही मंचावर यावे आणि आम्ही सगळ्यांनी बसून ऐकावे, अशी माझी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे.