डब्याची चूल : वरून पेटवा (कळमनुरीकडच्या बैठकीतलं बोलणं)

माझ्या पहिल्या डब्याला मी तळाला लई भोकं पाडली. नुसता भडका, भाकर करपली. तळाला थोडीच भोकं ठेवा. लाकूड तापून गॅस निघंल एवढाच वारा खालून पाहिजे. तो गॅस जळतो वरच्या भोकांतल्या वाऱ्यावर. बाहेरून मोठा डबा लावा, म्हणजे मधल्या फटीतून वारा तापूनच वर येतो. वाळल्या तुराट्या बोटभर तोडून भरा, वरून पेटवा. जाळ लांब, काजळीचा आला तर वरची भोकं वाढवा. उरलेले निखारे बंद घरात ठेवू नका. त्यांचा वायू दिसत नाही, पण जीव घेतो.

अन् सरपण कमी लागतं म्हणून जंगलावरचा हक्क सुटत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात काटक्याकुटक्या गौण वनोपज आहेत. कलम ३ दाखवा.