ड्रोनच्या पंख्याची निवड

हौसेने ड्रोन उडविणाऱ्यापुढे एक प्रश्न हटकून उभा राहतो : कार्बन तंतूंचे महाग पंखे घ्यावेत काय? उत्तर पात्याच्या लांबीत आहे. कार्बन तंतूचा ताठपणा सुमारे २३० गिगापास्कल, तर पॉलिकार्बोनेटचा जेमतेम २.४. रेझिनमध्ये बसविल्यावर तंतूंचा ताठपणा बराच उणावतो. तरीही तो प्लॅस्टिकहून कितीतरी अधिक असतो. १५ इंच व्यासाच्या पंख्याचे पाते भाराखाली वाकते, पिळते आणि त्याचा ठरविलेला कोन बिघडतो. तेथे या ताठपणाचे चीज होते. ५ इंची पंख्यात वाकण्यास वाव थोडा, म्हणून लाभही थोडा.

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. झाडावर आदळल्यास पॉलिकार्बोनेटचे पाते वाकते व पुष्कळदा हाताने सरळ करता येते. कार्बनचे पाते तडकते. टिकलेच, तर धक्का मोटारीच्या आसाला आणि बेअरिंगला सोसावा लागतो. फिरते प्लॅस्टिकचे पातेही बोट कापते. परंतु ताठ पाते तसूभरही माघार घेत नाही.

तेव्हा नवशिक्याने साध्या पंख्यांवरच हात बसवावा. मोठा, संथ फिरणारा पंखा आणि सरावलेला हात यांचा मेळ जमला, म्हणजेच कार्बनवरील खर्च सार्थकी लागतो.