शांताबाई म्हटलं की हसू का येतं? एका जुन्या नावाची गोष्ट

(नेहमीप्रमाणे एपिसोडमध्ये बोललेलं इथे लिहून देतोय. मधले 'अं', 'म्हणजे' आणि बाहेरच्या रिक्षाचा हॉर्न काढून टाकलाय.)

सोलापुरातून बोलतेय, पंखा बंद करून, कारण त्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. तेव्हा या एपिसोडमागचा घाम समजून घ्या.

आजचा विषय आहे नाव. मुलीचं नाव. आणि सुरुवात करू कोरियापासून, कारण तुमच्यातले निम्मे लोक रात्री दोन वाजेपर्यंत काय बघत बसता ते मला माहितीये.

२००५ साली कोरियात एक ड्रामा प्रचंड गाजला. नायिकेचं नाव किम साम-सून. पेस्ट्री बनवणारी, तिशीच्या उंबरठ्यावरची, बिनधास्त बाई. तिचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे तिचं नाव. 'साम' म्हणजे तीन. घरात ही तिसरी मुलगी, म्हणून साम-सून. कोरियन कानाला हे नाव अगदी जुनाट, गावाकडचं वाटतं. कुणीही ऐकलं की हसतं. तिला नाव बदलून ही-जिन करायचंय. योगायोग बघा, त्याच २००५ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नाव बदलायची वाट सोपी केली आणि पुढच्या काळात पुष्कळ लोकांनी अर्ज केले.

दुसरं उदाहरण 'मिनारी' सिनेमातलं. त्यातल्या आजीचं नाव आहे सून-जा. यून यो-जंग यांना त्या भूमिकेसाठी २०२१ मध्ये ऑस्कर मिळालं. हे शेवटचं 'जा' लक्षात ठेवा. कोरियावर जपानचं राज्य होतं तेव्हा जपानी नावांतल्या 'को'च्या धर्तीवर मुलींच्या नावात हे 'जा' आलं. १९४० च्या सुमारास यंग-जा, सून-जा ही तिथली सगळ्यात लोकप्रिय नावं होती. आज तिथे बाळाला कुणी सून-जा म्हणत नाही. नाव ऐकलं की डोळ्यांपुढे आजीच येते.

आता सांगा, आपल्याकडची सून-जा कोण?

माझं उत्तर आहे शांता.

एक काळ असा होता की प्रत्येक गल्लीत एक तरी शांता असायचीच. सोलापुरात तर तीन भाषांत असायची. मराठी घरात शांताबाई, कानडी घरात शांतव्वा, तेलुगू घरात शांतम्मा. आता तुमच्या वर्गात, तुमच्या ऑफिसात एक तरी शांता आहे का बघा. मला तर पंचविशीच्या आतली एकही माहिती नाही.

आणि मग २०१५ आलं. संजय लोंढे यांचं 'शांताबाई' हे गाणं आलं. त्या वर्षीच्या गणपतीत ते ऐकलं नाही असा माणूस सापडणं अवघड. व्हॉट्सॅपवर तेच, मिरवणुकीत तेच, रिंगटोनवर तेच. गाणं मजेचं आहे, मीही नाचलेय, खोटं कशाला बोलू. पण झालं काय, तर नावच एक चेष्टा होऊन बसलं. जरा नटून आलेली मुलगी दिसली की मागून आवाज, "का बे शांताबाई!" ज्या घरात खरंच शांता नावाची आजी होती, त्या घरातली पोरं शाळेत आजीचं नाव सांगायला लाजू लागली.

म्हणून मी शांता नावाच्या बायकांची यादी करायला बसले. आणि यादी बघून मला हसू आलं, पण वेगळ्याच कारणाने. मुलगी शांत, समजूतदार, घर सांभाळणारी व्हावी म्हणून आईबापांनी हे नाव ठेवलं असेल. पण ज्या शांतांची नोंद राहिली, त्यातली एकही गप्प बसलेली नाही.

अपवाद फक्त एक, सगळ्यात पहिली शांता. रामायणाच्या परंपरेत रामाला एक मोठी बहीण आहे, शांता. दशरथाची लेक. तिला अंगदेशाचा राजा रोमपाद याला दत्तक दिलं. पुढे तिचं लग्न ऋष्यशृंग ऋषींशी झालं. आणि दशरथाला मुलगे व्हावेत म्हणून जो पुत्रकामेष्टी यज्ञ झाला, तो याच जावयाने केला. म्हणजे घरात मुलगी होती, ती देऊन टाकली, आणि मुलगा हवा म्हणून तिच्याच नवऱ्याला बोलावलं. यावर शांता काय म्हणाली? आपल्याला कुणी सांगितलेलंच नाही.

आता नंतरच्या शांता बघा.

सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की अक्कलकोट रोडनंतर दुधनी लागतं. अगदी कर्नाटकच्या हद्दीला टेकलेलं. १९१६ साली या दुधनीत शांता आपटे जन्मल्या. १९३२ मध्ये 'श्यामसुंदर'मधून त्या पडद्यावर आल्या, मग प्रभात कंपनीत गेल्या, आणि १९३७ मध्ये आला व्ही. शांतारामांचा 'कुंकू'. हिंदीत 'दुनिया न माने'.

गोष्ट अशी. नीरा नावाची पोरकी मुलगी. मामा तिला फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लग्न लावून देतो. ती सासरी येते, पण त्या माणसाला नवरा मानायला साफ नकार देते. रडत नाही, पळून जात नाही. त्याच घरात राहून नाही म्हणते. सावत्र मुलगा अंगचटीला येतो, तर छडीने झोडून काढते. आणि मध्येच एक इंग्रजी कविताही गाते. १९३७ साली! ज्या काळात जरठ-कुमारी विवाह घरोघरी होते, त्या काळात थिएटरच्या अंधारात बसलेल्या बायकांना हे बघून काय वाटलं असेल, विचार करा.

पडद्यावर तर झालंच, पडद्याबाहेरही तेच. १९३९ मध्ये करारावरून वाद झाला तेव्हा शांता आपटे यांनी पुण्यात प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषण केलं. आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे ना, तीच जागा. त्या काळी नट-नट्या कंपनीच्या पगारी नोकर असायच्या. एवढी मोठी नायिका दारात बसली म्हणजे केवढी खळबळ उडाली असेल! पुढच्याच वर्षी त्यांनी 'जाऊ मी सिनेमात?' नावाचं पुस्तक लिहिलं. सिनेमात यायचं स्वप्न बघणाऱ्या मुलींना आतलं जग कसं चालतं, कुठे फसवणूक होते, ते सांगणारं. १९४१ च्या तमिळ 'सावित्री'साठी त्या तमिळ शिकल्या. त्यात नारदाच्या भूमिकेत होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी. दुधनीची मुलगी, कुठे पोचली बघा. १९६४ मध्ये, पन्नाशीच्या आतच त्या गेल्या.

आता जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला या. सांगोला तालुका, महूद गाव. १ मार्च १९२३ रोजी इथे शांताबाई कांबळे जन्मल्या. दलित घर, पोटाला नाही अशी परिस्थिती. त्यातून शिकल्या आणि १९४२ मध्ये सोलापूर जिल्हा स्कूल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. जिल्ह्यातल्या पहिल्या दलित शिक्षिका. नोकरी लागली म्हणून शिकणं थांबवलं नाही. दहा वर्षांनी पुण्याला जाऊन दोन वर्षांचं ट्रेनिंग घेतलं. १९५७ मध्ये जत तालुक्यात शिक्षण विस्तार अधिकारी झाल्या. त्याच वर्षी नवऱ्यासोबत बौद्ध धम्म स्वीकारला.

आणि निवृत्तीनंतर त्यांनी आपलं आयुष्य लिहून काढलं, 'माझ्या जल्माची चित्तरकथा'. शीर्षकातच बघा, 'जन्माची' नाही, 'जल्माची'. शिक्षिका होत्या, प्रमाण मराठी त्यांना येत नव्हती असं थोडंच आहे? पण घरात बोलतात ती भाषा त्यांनी मुखपृष्ठावर ठेवली. १९८६ मध्ये ते पुस्तक म्हणून आलं. दलित स्त्रीने मराठीत लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या आत्मकथनांमध्ये ते मोजलं जातं. मुंबई दूरदर्शनवर त्यावर मालिका झाली, फ्रेंचमध्ये भाषांतर झालं. जानेवारी २०२३ मध्ये, शंभरी पूर्ण व्हायला महिनाभर उरला असताना, त्या गेल्या. महूद सोलापूरपासून किती लांब आहे? सकाळी निघून दुपारी परत येता येईल. तरी आपल्या शाळेत कुणी हे नाव घेतलेलं मला तरी आठवत नाही.

बाकीच्या शांता जरा भरभर सांगते.

पुणे हायवेला लागलात की वाटेत इंदापूर. १२ ऑक्टोबर १९२२, शांता शेळके यांचा जन्म इथला. कविता, कथा, भाषांतरं, आणि किती तरी गाणी. आचार्य अत्र्यांच्या 'नवयुग'मध्ये त्यांनी पत्रकारिता केली. काही सिनेमांची गाणी त्यांनी 'डॉ. वसंत अवसरे' या पुरुषी नावाने लिहिली. १९९६ मध्ये आळंदीच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, आणि तिथे नाव लागलं ते शांता शेळके हेच.

खाली हुबळीकडे गेलात तर शांता हुबळीकर. मातृभाषा कानडी. १९३९ च्या 'माणूस' सिनेमात मैना झाल्या. वेश्या आणि पोलिस शिपाई यांची ती गोष्ट. त्यातल्या त्यांच्या गाण्याची पहिली ओळ इतकी गाजली की पुढे तेच त्यांनी आत्मचरित्राचं नाव ठेवलं. नाशिकच्या शांताबाई दाणी बाबासाहेबांच्या चळवळीत वाढल्या आणि विधान परिषदेत बोलल्या.

आणि ही शेवटची तुम्ही फोनवर पाहिलेली आहे. जुलै २०२०, लॉकडाऊन, पुण्याच्या रस्त्यावर नऊवारीतली एक आजी दोन्ही हातांत काठ्या गरागरा फिरवतेय. देशभर फिरलेला तो व्हिडिओ. वय ८५. डोंबाऱ्याचा खेळ करून पोट भरणारी बाई, घरी बसून चालणार नव्हतं. नाव? शांताबाई पवार.

तर ही आपली 'शांताबाई'. उपोषणाला बसलेली, वर्गात फळ्यासमोर उभी राहिलेली, संमेलनाच्या खुर्चीवर बसलेली, रस्त्यात काठी फिरवणारी.

एक मुद्दा राहिला, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. शांताबाई कांबळे यांच्या पुस्तकातली नायिका शांता नाहीच. ती आहे नाजा. मालिकेचं नावही 'नाजुका' होतं. म्हणजे जगाने ओळखलं ते शांताबाई म्हणून, पण स्वतःची गोष्ट सांगायला बसल्या तेव्हा त्यांनी 'नाजा'ला बोलावलं.

आपल्याकडे एका बाईची दोन नावं असणं यात काही नवल नाही. लग्नात ताटभर तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे. झालं! वीस वर्षं जिला एका नावाने हाक मारली, ती दुसऱ्या दिवशी दुसरीच कुणी तरी. आता हे कमी झालंय. आधार, पॅन, बँक, डिग्री, सगळीकडे नाव बदलायचं, राजपत्रात छापून आणायचं, कुणाला वेळ आहे? कागदांच्या कटकटीने जे केलं ते आपल्या समजुतीने करायला हवं होतं. आणि हो, कोरियात लग्नानंतर बाईचं नाव सोडाच, आडनावही बदलत नाही. ड्रामा बघताना सासूचं आडनाव मुलापेक्षा वेगळं का, असा प्रश्न पडला असेल तर हे त्याचं उत्तर.

याचा अर्थ नाव कधीच बदलू नये असा नाही हं. ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात २८० हून जास्त मुलींना एकाच कार्यक्रमात नवी नावं मिळाली. त्या सगळ्यांचं आधीचं नाव नकुशी, नकोशी असलं काही तरी होतं. ते नाव टाकायलाच हवं होतं, कारण त्यात शिवी होती. साम-सूनचं दुखणं यांच्या जवळचं आहे, तिसरी मुलगी म्हणून मोजून ठेवलेलं नाव.

पण शांता या नावात शिवी नाही. त्याला हसायला आपण शिकलो, तेही गेल्या दहा वर्षांत. गाणं लागलं तर नाचा, माझी काही हरकत नाही. फक्त कुणाला त्या नावाने चिडवायची वेळ आली, तर दुधनी आणि महूद ही दोन गावं आठवा.

आणि या आठवड्याचं काम. घरी आजी असेल, किंवा आजीला ओळखणारं कुणी असेल, तर विचारा: आजी, माहेरचं नाव काय गं तुझं? बऱ्याच जणांना माहिती नसतं, मी पैज लावते. नाव कळलं की तिने परवानगी दिली तर व्हॉइस नोट करून आम्हाला पाठवा. तिच्याच आवाजात, तिचं पहिलं नाव. आलेल्या नोट्स पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला लावू.

एपिसोड आवडला तर मित्राला फॉरवर्ड करा, नाही आवडला तर मला सांगा. भेटू पुढच्या आठवड्यात. पंखा लावते आता!