रकान्यात नसलेलं मूल



चार वर्षांचं पोरगं. बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, बाजेखाली बसून दिवसभर डब्याचं झाकण फिरवतं. घरातली आजी म्हणते, "बोलंल की! त्याचा बाप पाच वर्षांचा व्हईस्तोवर मुकाच व्हता." कधीकधी आजीचं खरंही ठरतं. पण काही मुलं स्वमग्न असतात, म्हणजे त्यांना ऑटिझम असतो.

अमेरिकेच्या नोंदींत २००० साली आठ वर्षांच्या १५० मुलांमागं एक स्वमग्न होतं. २०२२ साली ३१ मुलांमागं एक. ऐकून कुणीही दचकेल. पण मधल्या काळात व्याख्याच ऐसपैस झाली. १९४३ साली डॉक्टर लिओ कॅनर यांनी वर्णन केलेली ११ मुलं ठळक लक्षणांची होती. आज फाडफाड बोलणारं, पण चारचौघांत गोंधळणारं मूलही त्यात येतं. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात तर सुमारे ६० टक्के वाढ नोंदणीच्या पद्धती बदलल्यानं झालेली दिसली. उरलेल्या वाढीत थोडी खरीही असेल: आईबापांचं वय वाढलं, अपुऱ्या दिवसांची बाळं जगू लागली. लसीचं नाव मात्र घेऊ नका. लसीनं स्वमग्नता होते ही भीती ज्या लेखानं पेरली, तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० सालीच मागं घेतला.

आता आपल्या हिंगोलीचं. २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे रकाने होते, स्वमग्नतेचा नव्हता. अशी मुलं 'मतिमंद' किंवा 'इतर' यांत गेली, नाहीतर कुठंच नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, तेव्हा त्यांत स्वमग्नतेला जागा मिळाली. उद्या सेनगाव-कळमनुरीत दहा मुलांना प्रमाणपत्र मिळालं, तर कागदावर शून्याचे दहा होतील. त्याला काय साथ म्हणायची?

आपल्याच जिल्ह्यात औंढ्याजवळ गुरुत्वलहरी टिपणारी लायगोची वेधशाळा व्हायची आहे. या लहरी माणसानं पहिल्यांदा टिपल्या २०१५ साली. त्या तेव्हापासून सुरू झाल्या, असं कुणी म्हणत नाही; स्वमग्नतेचंही तसंच. उपमा जरा ताणलीय, पण औंढ्याचं नाव घ्यायचा मोह आवरला नाही.

आपल्याकडचं यंत्र साधं आहे. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतं. त्या दिवशी "हे एका जागी बसत नाही" म्हणून पोराला घरी ठेवू नका. बोलत नाही हे तर डॉक्टरांना सांगालच. झाकणाचंही सांगा.