उन्हाळ्यात संगणक का घरघरतो



मार्च संपत आला की आपल्या छत्रपती संभाजीनगरात घरोघरचे डेस्कटॉप संगणक घरघरायला लागतात. थंडीत ज्याचा आवाज कानावरही येत नव्हता, तोच संगणक एप्रिलच्या दुपारी खोलीतलं बोलणं ऐकू देत नाही. मग कोणी त्याच्यावर जाड कापड टाकतं, कोणी कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात सरकवून दार लावून घेतं. थोडा वेळ आवाज दबतो आणि पुन्हा सुरू होतो तेव्हा आधीपेक्षा मोठा असतो. म्हणून आज आवाजाबद्दल बोलताना मी मुख्यतः उष्णतेबद्दलच बोलणार आहे. उष्णतेला बाहेर जायला वाट मिळाली, की आवाज आपोआप उतरतो.

हे असं का होतं ते पाहू. संगणकातला पंखा काही हवा गार करत नाही. खोलीत असेल ती हवा ओढून तो प्रोसेसरच्या हीटसिंकवर, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पात्यांवर, सोडतो. समजा, कामात असलेला प्रोसेसर खोलीपेक्षा ४० अंशांनी जास्त तापतो. जानेवारीत खोली २४ अंशांवर असेल तर तो ६४ वर राहील. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर गेली तर तो ७८ वर पोचेल. काम तेच, यंत्र तेच. पण तापमान वाढलेलं पाहून मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढवतो. सिडको-हडको वसाहतींत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे जास्त जाणवतं, कारण दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत असतो. जुन्या शहरातल्या जाड भिंतींच्या, धाब्याच्या घरात संध्याकाळी केवढा फरक असतो, हे तिथं राहिलेल्यांना सांगायला नको. जागा निवडता येत असेल तर संगणक पश्चिमेच्या भिंतीला लावू नका. त्या भिंतीवर दुपारभर ऊन असतं.

टेबलाच्या त्या बंद कप्प्याबद्दल मला जरा जोर देऊन सांगायचंय. फर्निचरवाले संगणकाच्या टेबलाला कॅबिनेटसाठी तीन बाजूंनी बंद कप्पा करतात, वर दारही लावतात. कॅबिनेटच्या मागून निघालेली गरम हवा त्यात कोंडते आणि पुढून पुन्हा आत ओढली जाते. त्या कप्प्याची मागची फळी काढून टाका. तेवढ्यानं पंखा शांत झालेला मी अनेक घरांत पाहिलाय, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. जमिनीवर थेट ठेवू नका, कारण झाडू मारताना उडालेली सगळी धूळ तिथंच आत जाते.

धूळ हा आपला दुसरा प्रश्न. आपली काळी माती उन्हाळ्यात पीठ होऊन उडते. त्यात गेली काही वर्षं जायकवाडी धरणाहून येणाऱ्या पाण्याच्या नव्या योजनेसाठी शहरभर रस्ते खोदले गेले. खिडकी उघडी ठेवावी तर धूळ, बंद ठेवावी तर उकाडा. ही धूळ प्रोसेसरचा पंखा आणि त्याच्या खालच्या हीटसिंकच्या पात्या यांच्या मधोमध साचते आणि तिचा घट्ट थर होतो. वरून पाहिलं तर पंखा स्वच्छ दिसतो; हवा मात्र खाली उतरतच नाही. पंखा दुप्पट वेगानं फिरतो, आवाज करतो आणि तरी प्रोसेसर तापतोच.

म्हणून सफाई नीट करायला हवी. संगणक बंद करून वायर काढा आणि मग चालू करण्याचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात न्या, नाकाला रुमाल बांधा. मऊ ब्रशनं धूळ सैल करा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं पेन्सिलीनं अडवून धरा. जोराच्या हवेनं पंखा भलत्या वेगानं फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं, आणि पुढे कायमची खरखर मागे लागते. एसएमपीएसचा, म्हणजे वीजपुरवठ्याचा, डबा मात्र कधीही उघडू नका. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही धोक्याची वीज राहू शकते. बाहेरूनच हवा मारा. संगणक जुना असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली पेस्ट सुकलेली असते. जुनी पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावली, की तापमान बरंच उतरतं. हात बसलेला नसेल तर हे काम दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पण समोर बसून करून घ्या.

कूलरचा इथं एक घोटाळा होतो. कूलरमुळे खोली गार होते, संगणकालाही ते बरंच. पण कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे बारीक तुषार आणि धूळ एकत्र झाली, की पात्यांवर असा लेप बसतो जो ब्रशनंही निघत नाही.

आता पंख्याचं गणित. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा साधारण निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. दहा डेसिबलचा उतार कानाला जवळजवळ अर्ध्या आवाजासारखा वाटतो, म्हणजे १५ हा फार मोठा फरक झाला. घरातला छताचा पंखा संथ फिरूनही सगळ्या खोलीला वारा देतो आणि छोटा टेबलफॅन मात्र किंचाळतो. कॅबिनेटमध्येही तसंच असतं. ८० मिलिमीटरच्या एका वेगवान पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचे दोन संथ पंखे बसवा. एक पुढून हवा आत घेणारा, एक मागून बाहेर टाकणारा. चार पिनचा पंखा घ्या, त्याचा वेग मदरबोर्डला नीट सांभाळता येतो. बायोसमध्ये पंख्याची सेटिंग असते. असूसच्या बोर्डावर तिला क्यू-फॅन म्हणतात, गिगाबाइटच्या बोर्डावर स्मार्ट फॅन. तिथं वेग हळूहळू वाढेल असा ठेवा. एकसारख्या मंद आवाजाला कान सरावतो. दर मिनिटाला चढणारा-उतरणारा आवाज मात्र अभ्यास करणाऱ्या मुलाला आणि शेजारी झोपलेल्या आजीला सारखा टोचतो.

मुळात उष्णताच कमी निर्माण केली तर आणखी चांगलं. टॅली, टायपिंग, ऑनलाइन फॉर्म भरणं एवढंच काम असेल तर प्रोसेसरनं पूर्ण जोर लावायची गरजच नसते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट १०० ऐवजी ९९ टक्के केलं, की पुष्कळ संगणकांवर टर्बो वेग बंद होतो. कामात फरक जाणवत नाही, पंख्यात जाणवतो. नवा संगणक घेणार असाल तर दुकानदार दाखवेल तो सगळ्यात मोठा प्रोसेसर घेऊ नका. इंटेलचा आय नाइन १३९००के भरात असताना २५३ वॉटपर्यंत वीज घेतो. आय थ्री १२१०० ची कमाल मर्यादा ८९ वॉट आहे. ही सगळी वीज शेवटी तुमच्याच खोलीत उष्णता होऊन उतरते, तीही मे महिन्यात.

उष्णतेशी संबंध नसलेले आवाजही असतात. वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर छताचा पंखा घूं घूं करतो ना? तो स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरचा दोष असतो, आणि त्यावर संगणकाचा एसएमपीएसही गुणगुणू शकतो. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला की दोन्ही गप्प होतात.

राहिली हार्ड डिस्क. डेस्कटॉपमधली डिस्क सहसा मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. त्या फिरण्याची थरथर पत्र्याला लागते आणि पत्र्यातून टेबलाला. स्क्रू आवळा, मध्ये रबरी वॉशर घाला, जमलं तर विंडोज एसएसडीवर टाका. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. पण हार्ड डिस्कमधून टक्-टक् असा तुटक आवाज येऊ लागला तर तो घालवायच्या मागे लागू नका. ती डिस्क जाण्याच्या बेतात असू शकते. त्याच दिवशी घरातले फोटो, हिशोब, मुलांचे दाखले दुसरीकडे उतरवून घ्या.