वसईच्या खाडीवरचे तह

भाईंदर पूर्वेची जेसल पार्क चौपाटी वसईच्या खाडीला लागून आहे. समोर पाणजू बेट आणि रेल्वेचे पूल, उगवतीला घोडबंदर, मावळतीला खाडीचे मुख आणि त्याच्या उत्तर काठावर वसईचा किल्ला. परस्परांपासून हजारो मैल दूर असलेल्या सत्तांनी व्यापार आणि संरक्षण यांचा व्यवहार एकाच कागदावर कसा मांडला, हे या एवढ्याशा पाण्याच्या आधारे शिकता येते.

पहिला करार २३ डिसेंबर १५३४चा. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याला हुमायूनच्या स्वारीची धास्ती होती. पोर्तुगिजांशी सलोखा व्हावा म्हणून त्याने वसई आणि तिच्या अंमलाखालचा मुलूख त्यांना दिला; भाईंदर ज्या साष्टी बेटावर वसले आहे, तेही त्यांच्याच पदरात पडले. तांबड्या समुद्राकडे निघणारी गुजरातची जहाजे वसईत येऊन ‘कार्ताझ’ म्हणजे परवाना घेतील आणि परतीच्या वाटेवर तिथेच जकात भरतील, असे ठरले. सुलतान आपल्या बंदरांत लढाऊ जहाजे बांधणार नाही, तुर्कांना आसरा देणार नाही, हेही ठरले. या कलमांवर थांबून विचार करायला हवा. मुलूख गेला तो सर्वांना दिसला, पण मोठे मोल परवान्याच्या कलमात मोजले गेले. ज्या समुद्रावर गुजराती व्यापाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा वावर होता, तिथे दुसऱ्याची परवानगी लागू लागली. आणि ती झुगारायची तर लागणारी जहाजे बांधण्याचा हक्कही त्याच कागदाने काढून घेतला. पुढच्या वर्षी मदतीच्या आशेने सुलतानाने दीवला किल्ला बांधू दिला. फेब्रुवारी १५३७मध्ये त्याच दीवच्या पाण्यात पोर्तुगिजांशी झालेल्या झटापटीत त्याचा अंत झाला.

अशा करारांत अंतराला फार महत्त्व असते. लिस्बनहून निघालेले जहाज हिंदुस्थानात पोहोचायला सहा महिने लागत. पत्राचे उत्तर मिळेपर्यंत दीड वर्ष उलटे. त्यामुळे कलम राजधानीत लिहिले जाई आणि त्याचा अर्थ किनाऱ्यावरचा अधिकारी लावी. १६६१च्या विवाहतहाने पोर्तुगालने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण दिली. बदल्यात हिंदुस्थानातल्या पोर्तुगीज ठाण्यांना डचांपासून वाचवण्याची हमी इंग्लंडने दिली. पण ‘मुंबई’ म्हणजे नेमके किती? इंग्रजांच्या मते साष्टी आणि ठाणेही त्यात येत होते. गोव्याच्या पोर्तुगीज कारभाऱ्यांना ते मान्य नव्हते. बऱ्याच वादानंतर १६६५मध्ये इंग्रजांच्या हाती मुंबईचे बेट आले, साष्टी मात्र आली नाही.

पाऊणशे वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला, तेव्हा पोर्तुगिजांनी मुंबईकर इंग्रजांकडे मदत मागितली. किल्ला वाचेल एवढी मदत आली नाही. मे १७३९मध्ये वसई मराठ्यांची झाली आणि जुलैमध्ये कॅप्टन इंचबर्डने चिमाजी अप्पांशी बोलणी करून पेशव्यांच्या मुलखात इंग्रजांसाठी व्यापाराची मोकळीक मिळवली. जुन्या मित्राचा किल्ला पडून दोन महिनेच झाले होते. यात विश्वासघात शोधण्यापेक्षा मुंबईच्या वखारीचा हिशेब पाहावा: तिचा माल घाटावर जायचा होता आणि घाटाच्या वाटा आता मराठ्यांच्या हाती होत्या.

मराठ्यांची सर्वांत महाग पडलेली भागीदारी मात्र १७५५ची. ती १८०२च्या वसईच्या तहाइतकी चर्चिली जात नाही, हे खेदाचे आहे. कोकणच्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे जुमानत नाहीत म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमाराची मदत घेतली. त्या वर्षी सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६मध्ये इंग्रज सेनानी वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले आणि आंग्र्यांचे आरमार तिथेच जळाले. ऑक्टोबरच्या पुणे करारात विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, बाणकोट व काही गावे कंपनीला. शिवाय डचांना मराठी मुलखात व्यापार करू द्यायचा नाही, हेही पेशव्यांनी कबूल केले. घरचा तंटा मिटला, पण कोकणचा समुद्र राखणारी आपली मोठी ताकद त्यात गेली.

३१ डिसेंबर १८०२चा वसईचा तह या साखळीतली अखेरची कडी. यशवंतराव होळकरांकडून हडपसरला पराभूत झालेला दुसरा बाजीराव वसईत आला आणि त्याने कंपनीच्या सहा पलटणी कायमच्या पदरी घेतल्या. त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांच्या वसुलीचा मुलूख तोडून दिला आणि परराज्यांशी बोलण्याआधी कंपनीला विचारण्याचे बंधन स्वीकारले.

आज पदवी घेणाऱ्या स्नातकांपैकी जे परराष्ट्रसेवेत, बंदरांवर, जहाजबांधणीत किंवा आयात-निर्यातीच्या कचेऱ्यांत जातील, त्यांच्या टेबलावर व्यापार आणि संरक्षण हीच दोन कलमे नव्या भाषेत येतील. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्लीच्या जी-२० परिषदेत भारत, पश्चिम आशिया आणि युरोप यांना जोडणाऱ्या मार्गाची घोषणा झाली. ऑगस्ट २०२४मध्ये याच किनाऱ्यावर पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी झाली. फ्रान्सशी २००५मध्ये झालेल्या करारानुसार सहा पाणबुड्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधल्या गेल्या. सहावी, ‘वागशीर’, जानेवारी २०२५मध्ये नौदलात आली. तंत्र परके, पण जोडणी इथल्या कामगारांच्या हातची. १५३४च्या कागदाने नेमके हेच नाकारले होते.

जानेवारी २०२४मध्ये एडनच्या आखातात क्षेपणास्त्र लागून ‘मार्लिन लुआंडा’ या मार्शल बेटांचा ध्वज लावलेल्या तेलवाहू जहाजाने पेट घेतला. त्यावर २२ भारतीय आणि १ बांगलादेशी खलाशी होते. हाक येताच ‘विशाखापट्टणम’ ही भारतीय युद्धनौका धावून गेली आणि तिच्या पथकाने खलाशांच्या जोडीने आग विझवली. ती नौकाही माझगाव गोदीतच बांधलेली. आणि ती वाट तीच, जिच्यासाठी एकेकाळी वसईत कार्ताझ घ्यावा लागे.